द्राक्षबागेतून टेस्टिंग रूमपर्यंत: नाशिकच्या वाइन सहलींची पार्श्वभूमी

फेब्रुवारीतल्या एखाद्या शनिवारी गंगापूर रोडवर थांबलं, तर धरणाच्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांवर मुंबई, ठाणे आणि पुण्याच्याच पाट्या जास्त दिसतात. सकाळी कसारा घाट चढायचा, दुपारी वाइनरी बघायची, चार-पाच वाइन चाखायच्या, रात्री मुक्काम आणि रविवारी त्र्यंबकेश्वराचं दर्शन घेऊन परत, हा बेत आता मध्यमवर्गीय घरांतही सहज ठरतो. 2005 पूर्वी तो ठरवता आला नसता, कारण आल्या-गेल्या पाहुण्याला वाइन चाखायला देणारी जागाच नाशिकमध्ये नव्हती. वीस वर्षांत हे एवढं कसं वाढलं, याचं श्रेय बहुतेक वेळा एखाद्या कंपनीला दिलं जातं. त्यात तथ्य आहे, पण त्याआधीची कित्येक दशकं द्राक्ष बागायतदारांची आहेत आणि सहलीच्या माहितीपत्रकांत त्यांचा उल्लेख फारच कमी येतो.

दख्खनमध्ये द्राक्ष नवं नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तिथल्या द्राक्ष-डाळिंबांची नोंद केली आहे आणि ही फळं वर्षातून दोनदा येतात, असंही लिहिलं आहे. नाशिक जिल्ह्यात ओझरला 1925 साली रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी द्राक्षं लावली, तिथून इथल्या बागांचा इतिहास सांगितला जातो. पुढे निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, तिकडे तासगाव, बारामती, सोलापूर असा हा पट्टा वाढत गेला. द्राक्ष बागायतदार संघाच्या चर्चासत्रांतून आणि शिवारफेऱ्यांतून एका गावातलं ज्ञान दुसऱ्या गावात गेलं. तासगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन या बिनबियांच्या खायच्या द्राक्षाच्या वेलीवर वेगळी निपजलेली काडी हेरून ‘तास-ए-गणेश’ हे वाण पुढे आणलं. पुढे पाण्याची टंचाई आणि क्षारांचा त्रास वाढला, तसे शेतकरी डॉगरिज या दणकट मुळांच्या जातीच्या खुंटावर कलम करायला लागले. प्रयोगशाळेइतकंच हे काम बांधावर झालेलं आहे.

वाइनरीत जाणाऱ्याने समजून घ्यावी अशी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे छाटणी. युरोपात हिवाळ्यात वेल झोपी जातो, वसंतात फुटतो आणि शरदात माल निघतो. आपल्याकडे एवढी थंडी नाही, वेल बारा महिने जागाच असतो. म्हणून इथे त्याला वर्षातून दोनदा छाटतात आणि पीक मात्र एकदाच घेतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. मागच्या हंगामाच्या काड्या ओलांड्याजवळ, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीजवळ, काढून टाकल्या की नव्या काड्या फुटतात आणि उन्हाळ्याच्या भरपूर प्रकाशात त्यांच्या डोळ्यांमध्ये, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, सूक्ष्म घडनिर्मिती होते. पुढच्या वर्षीचा घड मे-जूनमध्येच काडीच्या आत ठरून गेलेला असतो, बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. पावसाळ्यात काडी पिकते, खाकी होते. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करतात, म्हणजे फळासाठीची छाटणी. मग फूट, फुलोरा, मणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. दिवसा ऊन आणि रात्री थंडी, हा नाशिकच्या पठारावरचा हिवाळा द्राक्षाला मानवतो, साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. फ्रान्समध्ये वेली निष्पर्ण उभ्या असतात तेव्हा इथे हंगाम ऐन भरात असतो, आणि आपल्या वाइन सहलींचा मोसम जानेवारी ते मार्च का, याचं उत्तर या दुसऱ्या छाटणीत आहे.

द्राक्ष पिकत असलं, तरी त्याची वाइन करून विकणं हा दुसराच मामला होता. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्य हा विषय परवान्यांच्या चौकटीत बंद केला. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा राहिला. आजही मद्य घ्यायला कागदोपत्री परवाना लागतो आणि वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे. अशा वातावरणात शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन तयार केली आणि ती ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशातही गेली. त्याच दशकाच्या अखेरीस कंवल ग्रोव्हर यांनी बंगळुरूजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याशी बागा लावल्या. दोघांचाही मुख्य ग्राहक पंचतारांकित हॉटेलं आणि निर्यात. सुट्टी काढून बाग बघायला यावं, हा विचार तेव्हा रुजला नव्हता.

तो विचार कॅलिफोर्नियातून आला. नापा आणि सोनोमामध्ये वाइनरीच्या दारात लोकांना बोलावून, चाखायला देऊन तिथेच बाटली विकायची पद्धत बसलेली होती, दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशचा वाइन मार्ग 1971 पासून सुरू होता. स्टॅनफर्डमध्ये शिकलेले आणि कॅलिफोर्नियात नोकरी केलेले राजीव सामंत 1990 च्या दशकात परतले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर शेती करू लागले. आंबा, गुलाब, खायची द्राक्षं असं बरंच करून पाहिल्यावर वाइनची द्राक्षं लावायचं ठरलं. सोनोमाचे वाइनमेकर केरी डॅमस्की सोबतीला आले. 1997 मध्ये सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या वाणांची लागवड झाली आणि 2000 साली ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. आई सुलभा यांच्या नावावरून हे नाव ठेवलेलं.

याच सुमारास सरकारनेही पाऊल उचललं. विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं. वाइन उद्योगाला लघुउद्योगाचा दर्जा, उत्पादन शुल्कात सवलत, परवान्यांची सोपी वाट आणि एमआयडीसीमार्फत निफाड तालुक्यातल्या विंचूरला व सांगली जिल्ह्यातल्या पलूसला वाइन पार्क, असं त्याचं स्वरूप. वाइनकडे शेतमाल प्रक्रिया म्हणून बघण्याचा तो निर्णय होता, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत दूरदृष्टीचा. काही वर्षांतच राज्यात पन्नासहून जास्त वाइनऱ्या उभ्या राहिल्या, त्यातल्या अनेक खुद्द शेतकऱ्यांनी कर्ज काढून उभ्या केलेल्या.

पण विकायची कशी? मद्याची थेट जाहिरात करायला मनाई. ग्राहकाला वाइन माहीत नाही, आणि दुकानाच्या शेल्फवर व्हिस्की-बिअरच्या गर्दीत अनोळखी बाटली कोण उचलणार? या अडचणीतून 2005 मध्ये सुलाची टेस्टिंग रूम उघडली. देशातली पहिली टेस्टिंग रूम म्हणून ती ओळखली जाते. आधी टाक्यांची फेरी: थंड ठेवलेल्या स्टीलच्या उंच टाक्या, ओकची पिंपं, आंबलेल्या रसाचा वास. मग ओळीने घोटभर वाइन, पांढरीपासून लाल आणि शेवटी गोड. ग्लास तिरपा करून रंग बघायचा, हलवायचा, वास घ्यायचा, मग चाखायची. पेरूचा वास येतो का, मिरीचा येतो का, असं समोरचा विचारतो आणि पहिल्यांदा आलेला माणूसही धीटपणे उत्तर देऊ लागतो. ज्या समाजात मद्य म्हटलं की एकतर चोरून प्यायचं किंवा झिंगेपर्यंत प्यायचं, त्यात आई-वडिलांसह बसून एका घोटाबद्दल बोलणं हा मोठा बदल होता, आणि मला तो मनापासून चांगला वाटतो.

2008 पासून सुलाफेस्ट सुरू झाला, 2010 मध्ये मुक्कामाची सोय झाली. गंगापूरच्या परिसरात यॉर्क आणि सोमा या वाइनऱ्यांनी पाहुण्यांसाठी दारं उघडली, इगतपुरी तालुक्यात संजेगावजवळ व्हॅलोने आणि आजची ग्रोव्हर झाम्पा, दिंडोरीत शांदोंचा फसफसणाऱ्या वाइनचा प्रकल्प. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घराण्यांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ उभी केली, तिथेही पाहुणे बागेत राहतात.

या भरभराटीच्या मधोमध एक वाईट काळ येऊन गेला, तो सहसा कोणी सांगत नाही. 2008 ची जागतिक मंदी आणि पाठोपाठ 26 नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं रिकामी पडली आणि वाइनची मागणी बसली. टाक्या आधीच भरलेल्या होत्या. वाइनऱ्यांनी नवीन माल उचलायला नकार दिला, काहींकडे शेतकऱ्यांचे पैसे अडकले. परदेशात कंपन्या विकत घेत सुटलेली चौगुले यांची नारायणगावची कंपनी इंडाज कर्जाखाली कोसळली. खायची द्राक्षं असती तर निदान मार्केटला नेता आली असती, बेदाणा करता आला असता. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. ते खायला कोणी घेत नाही. वाइनरीचं दार बंद झालं, तर त्या घडाला दुसरं गिऱ्हाईकच नाही. कित्येकांनी बागा तोडल्या, काहींनी त्याच खुंटांवर थॉम्पसनचं कलम केलं. विंचूरला आणि आजूबाजूला बंद पडलेल्या शेडच्या मागे हा इतिहास आहे.

जे टिकले, त्यांनी पर्यटनाकडे जोडधंदा म्हणून बघणं सोडलं. वितरकाकडून पैसे यायला महिने लागतात, टेस्टिंग रूममध्ये विकलेल्या बाटलीचे पैसे त्याच दिवशी हातात येतात. लहान वाइनरीसाठी हा फरक जगण्या-मरण्याचा आहे. डिसेंबर 2022 मध्ये सुला शेअर बाजारात आली, तेव्हा तिच्या हिशोबात वाइन पर्यटन हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून मांडलेला होता.

नाशिक हे तीर्थक्षेत्र. रामकुंड आणि त्र्यंबकेश्वराच्या गावाची ओळख वाइनने व्हावी का, हा प्रश्न तिथली माणसं तळमळीने विचारतात आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. गर्दीच्या शनिवार-रविवारी पिऊन गाडी चालवणारे, मळ्यांच्या अरुंद रस्त्यांवर कोंडी, बागांच्या जमिनींवर पडणारे फार्महाउसचे प्लॉट, हे त्रास स्थानिकांच्याच वाट्याला येतात. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर मुंबईहून येणं आणखी सोपं झालं आहे, म्हणजे हा भार वाढणारच. जाणाऱ्याने गाडी चालवणारा आधी ठरवावा किंवा सरळ मुक्काम करावा. मोठ्या नावाची एक वाइनरी बघून झाली, की दुसऱ्या दिवशी एखादी छोटी निवडावी. तिथे बहुधा मालक किंवा वाइनमेकर स्वतः भेटतो, बागेत नेतो आणि त्या वर्षी अवकाळी पावसाने काय केलं, डावणी-भुरी हे बुरशीचे रोग किती आले, तोडणी पहाटे का केली, हे सगळं सांगतो.

जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी कडाडून विरोध केला आणि तो निर्णय अमलात आला नाही. त्यामुळे छोट्या वाइनऱ्यांची बाटली अजूनही बहुतेक गावांतल्या दुकानांत दिसत नाही, ती घ्यायला त्यांच्या दारातच जावं लागतं.