कर्नलमधील फाइल सर्व्हर

आपल्या डिस्कवरच्या फाइली नेटवर्कवरच्या इतर यंत्रांना वापरू देण्याचे काम एखाद्या स्वतंत्र प्रोग्रॅमकडे न सोपवता थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसवण्याची पद्धत. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या एनएफएसपासून (नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे दूरच्या यंत्रावरच्या फाइली आपल्याच असल्यासारख्या वापरण्याची पद्धत) ती रूढ झाली. लिनक्समधील केएनएफएसडी (एनएफएससाठी) व केएसएमबीडी (विंडोजच्या एसएमबी प्रोटोकॉलसाठी) ही तिची आज वापरात असलेली उदाहरणे आहेत. विंडोजचा फाइल सर्व्हरही मुख्यतः कर्नलमध्येच चालतो. या नोंदीत लिनक्सचा एनएफएस सर्व्हर केंद्रस्थानी धरला आहे.

‘वेगासाठी’ हे या पद्धतीचे नेहमी सांगितले जाणारे कारण. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमला डिस्कवरचा मजकूर आधी कर्नलकडून आपल्या स्मृतीत घ्यावा लागतो आणि मग पाठवण्यासाठी पुन्हा कर्नलच्या हवाली करावा लागतो. ही दोनदाची नक्कल कर्नलमधला सर्व्हर वाचवतो, कारण पेज कॅशेमधली, म्हणजे डिस्कवरून वाचून कर्नलने स्मृतीत ठेवलेली, पाने तो थेट नेटवर्कच्या वाटेला लावू शकतो. मात्र निव्वळ वेगासाठी कर्नलमध्ये आलेले पाहुणे तिथे फार टिकलेले नाहीत. लिनक्स २.४ मध्ये केएचटीटीपीडी नावाचा वेब सर्व्हर कर्नलमध्येच होता, २.६ येईपर्यंत तो काढून टाकला गेला, कारण बाहेरचे वेब सर्व्हर तेवढेच चपळ झाले होते. फाइल सर्व्हर मात्र राहिला. त्याला कर्नलकडून असे काही लागते, जे बाहेर राहून बराच काळ मिळतच नव्हते.

सुरुवात

सनने एनएफएस १९८४च्या सुमारास तयार केले आणि १९८५ मध्ये त्याची रचना युझनिक्स परिषदेत मांडली. त्यासाठी युनिक्सच्या कर्नलमध्ये एक नवा थर घालण्यात आला. वरच्या बाजूला ‘फाइल उघड, वाच, लिही’ अशा सामान्य क्रिया आणि खालच्या बाजूला त्या प्रत्यक्षात कोण पार पाडते त्याचा तपशील: स्थानिक डिस्क की दूरचे यंत्र. व्हीएफएस म्हणून ओळखला जाणारा हा थर पुढे जवळजवळ सगळ्या युनिक्सवंशी प्रणालींत आला. एनएफएसची खरी देणगी प्रोटोकॉलपेक्षा हा थर आहे, असे म्हणायला हरकत नाही.

सर्व्हर कर्नलमध्ये असला तरी काम करायला त्याला प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, लागते. त्यावरची जुनी युक्ती मजेशीर आहे. एनएफएसडी नावाचा छोटा प्रोग्रॅम सुरू होई, एक सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला केलेली विनंती, करी आणि त्या कॉलमधून कधी परतच येत नसे. कर्नलमध्ये शिरायचे आणि तिथेच मुक्काम ठोकायचा. असे जेवढे एनएफएसडी, तेवढ्या मागण्या एका वेळी हाताळता येत. लिनक्समध्ये ही भूमिका कर्नलच्या थ्रेडकडे, म्हणजे कर्नलच्या आतच चालणाऱ्या कामाच्या धाग्यांकडे, आहे. चालू प्रोसेसांची यादी देणारी पीएस आज्ञा दिली की चौकटी कंसात ओळीने दिसणारे ‘एनएफएसडी’ ते हेच; बरीच वर्षे त्यांची मूळ संख्या ८ असे.

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या रिक मॅकलम यांनी सनचा कोड न घेता, प्रसिद्ध झालेल्या प्रोटोकॉलवरून बीएसडी या युनिक्सवंशी प्रणालीसाठी स्वतंत्र एनएफएस लिहिले, १९९०च्या ४.३बीएसडी-रेनोमध्ये ते आले. लिनक्सचा रस्ता वेगळा होता. तिथे आधी बाहेरचा सर्व्हर होता आणि त्याच्या अडचणींनी सर्व्हरला कर्नलमध्ये खेचले.

बाहेरच्या सर्व्हरची कुचंबणा

सर्व्हरला प्रत्येक क्लायंटच्या, म्हणजे फाइली मागणाऱ्या यंत्राच्या, वतीने, त्या त्या वापरकर्त्याच्या परवानगीने फाइली उघडाव्या लागतात. बाहेरच्या प्रोग्रॅमने त्यासाठी स्वतःची ओळख बदलली, तर तोच वापरकर्ता त्या सर्व्हर-प्रोसेसला सिग्नल पाठवून बंद पाडू शकत असे. म्हणून लिनक्समध्ये सेटएफएसयूआयडी हा खास सिस्टिम कॉल आला. त्यात फाइलींपुरती ओळख बदलते, बाकी प्रोसेस होती तशीच राहते. आज हा कॉल फारसा कुणी वापरत नाही, पण एनएफएसची खूण म्हणून तो अजून शिल्लक आहे.

दुसरी अडचण अशी सोडवता आली नाही. ती फाइलच्या ओळखीची होती, आणि तिथेच या सगळ्या विषयाचे मर्म आहे.

फाइलची ओळख: हँडल

एनएफएसच्या पहिल्या आवृत्त्यांत सर्व्हर कुणाचीही आठवण ठेवत नाही. कोणी कोणती फाइल उघडली आहे याची त्याच्याकडे नोंदच नसते. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी क्लायंटचे काम अडायला नको, म्हणून ही रचना होती. क्लायंट फक्त वाट पाहतो आणि तीच मागणी पुन्हा पाठवतो. पण मग प्रत्येक मागणीत ‘कोणती फाइल’ हे संपूर्ण सांगायला हवे. ते सांगणारा तुकडा म्हणजे फाइल हँडल. दुसऱ्या आवृत्तीत तो नेमका ३२ बाइटचा असे, तिसऱ्या आवृत्तीत ६४ बाइटपर्यंत, चौथ्यात १२८ पर्यंत. क्लायंटने तो उघडून वाचायचा नसतो, नुसता जपून ठेवायचा आणि मागताना दाखवायचा.

हँडलमध्ये फाइलचे नाव व मार्ग घालून चालत नाही, कारण नाव बदलते, फोल्डर हलते आणि उघडलेली फाइल तरीही तीच राहायला हवी. म्हणून त्यात आयनोड क्रमांक घालतात; आयनोड म्हणजे डिस्कवर प्रत्येक फाइलची माहिती ठेवणारी नोंद. पण तेवढेही पुरत नाही. आयनोड क्रमांक म्हणजे हजेरीपटावरचा नंबर समजा. १७ नंबरचा मुलगा शाळा सोडून गेला की पुढच्या वर्षी १७ नंबर दुसऱ्याच मुलाचा होतो. जुनी चिठ्ठी घेऊन आलेल्याने ‘सतराला बोलवा’ म्हटले तर भलताच मुलगा उभा राहील. फाइल पुसली की तिचा आयनोड क्रमांक असाच नव्या फाइलला मिळतो. म्हणून प्रत्येक आयनोडबरोबर एक पिढी-क्रमांकही ठेवतात आणि क्रमांक नव्याने वापरताना तो बदलतात. हँडलमधली पिढी जुळली नाही की सर्व्हर ‘हँडल शिळे झाले’ असे उत्तर देतो. ‘स्टेल फाइल हँडल’ हा संदेश यंत्रणा सांभाळणाऱ्या कितीतरी लोकांनी रात्री-अपरात्री पाहिला आहे. तो संदेश त्रास देतो हे खरे, पण त्याच्याऐवजी मुकाट्याने दुसऱ्याच फाइलमध्ये मजकूर लिहिला गेला असता, हेही लक्षात घ्यावे.

आता अडचण कळते. युनिक्समध्ये साध्या प्रोग्रॅमला ‘अमुक आयनोडची फाइल उघड’ असे म्हणताच येत नसे. त्याला मार्गच द्यावा लागे. लिनक्सच्या जुन्या बाह्य सर्व्हरने यावर तोडगा काढला होता. मार्गातल्या प्रत्येक पायरीचा छोटा ठसा तो हँडलमध्ये साठवी आणि त्यावरून फाइल पुन्हा शोधून काढी. फोल्डर दुसरीकडे हलवले की ठसा चुकला आणि हँडल निकामी. कर्नलच्या आत मात्र आयनोडवरून फाइल गाठणे शक्य होते. ओलाफ किर्ख यांनी लिहिलेला कर्नलमधला सर्व्हर २.१ च्या विकासकाळात लिनक्समध्ये आला आणि जानेवारी १९९९ मधल्या २.२ बरोबर सर्वांच्या हाती पडला. पुढे नील ब्राउन यांनी त्याची दीर्घकाळ देखभाल केली.

कर्नलमध्ये आल्यावरही हे काम सोपे नव्हते. लिनक्सचा व्हीएफएस थर प्रत्येक फाइलकडे नावाच्या झाडातून पाहतो: मुळापासून फांदी, फांदीवरून पान. हँडल घेऊन आलेला सर्व्हर मात्र थेट पानावर उतरतो आणि ते कोणत्या फांदीचे, हे त्याला ठाऊक नसते. साध्या फाइलच्या बाबतीत हे चालून जाते. फोल्डर असेल तर चालत नाही, कारण एखादे फोल्डर त्याच्याच पोटातल्या फोल्डरमध्ये हलवले जात नाही ना, ही तपासणी झाडाची पूर्ण ओळ माहीत असल्याशिवाय होत नाही. ती चुकली तर फोल्डरांचे एक कडे झाडापासून तुटून लटकत राहील. त्यामुळे कर्नल ‘माझा पालक कोण’ असे विचारत वर वर चढतो आणि तुटलेली फांदी मुळाशी जोडूनच पुढचे काम करतो. यासाठी प्रत्येक फाइल सिस्टिमने काही ठरावीक क्रिया पुरवाव्या लागतात. त्या नसतील तर ती फाइल सिस्टिम एनएफएसवरून वाटता येत नाही. पेन ड्राइव्हवर सर्रास आढळणाऱ्या फॅट या फाइल सिस्टिमकडे कायमचे आयनोड क्रमांकच नाहीत. तिला एनएफएसवर कायम टिकणारी हँडले हवी असतील, तर ती फक्त वाचण्यापुरती वाटावी लागते, कारण फोल्डरमधल्या नोंदीची जागा हीच तिथे ओळख मानली जाते आणि नाव बदलले की ती जागाही बदलते.

आणखी एक गोम आहे. हँडलमध्ये मार्ग नसल्यामुळे, डिस्कवरचे एकच फोल्डर वाटले तरी त्याच डिस्कवरच्या बाहेरच्या फाइलींची हँडले खटपटी माणूस अंदाजाने बनवू शकतो. त्यावर ‘सबट्री चेक’ नावाची तपासणी आहे, पण फायली फोल्डरांतून हलल्या की ती स्वतःच घोटाळे करते, म्हणून ती आता मुळात बंद असते. वाटायचे तर डिस्कचे स्वतंत्र विभाजन (पार्टिशन) वाटावे, हा जुन्या जाणत्यांचा सल्ला यातूनच आला.

आत काय, बाहेर काय

सगळाच सर्व्हर कर्नलमध्ये नसतो. कोणत्या यंत्राला कोणते फोल्डर द्यायचे, हे एक्सपोर्ट्स नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत लिहिलेले असते. ती वाचणे आणि यंत्राचे नाव शोधणे ही कामे कर्नलच्या बाहेर, माउंटडी या प्रोग्रॅमकडे असतात. कर्नलला एखादा अनोळखी पत्ता दिसला की तो बाहेर विचारणा करतो, उत्तर काही काळ आपल्या कॅशेत ठेवतो आणि पुढच्या मागण्या स्वतःच निकाली काढतो. केर्बेरोस या ओळख पटवणाऱ्या यंत्रणेची ओळखपरेडही अशीच बाहेर होते. क्लायंटवरच्या रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्त्याला सर्व्हरवर रूट न मानता ‘नोबडी’ मानायचे, हा नियम मात्र कर्नल जागीच लावतो.

पुसणे, नाव बदलणे यांसारख्या क्रियांत आणखी एक पेच असतो. उत्तर वाटेत हरवले म्हणून क्लायंटने ‘पुस’ ही मागणी पुन्हा पाठवली, तर दुसऱ्या वेळी ‘फाइलच नाही’ असे उत्तर जाईल, आणि ते खोटे नसूनही चुकीचे ठरेल. त्यासाठी सर्व्हर नुकतीच दिलेली उत्तरे जवळ ठेवतो आणि तीच मागणी पुन्हा आली की तेच उत्तर परत पाठवतो. आठवण न ठेवणाऱ्या सर्व्हरला ही एवढी आठवण ठेवावीच लागली.

चौथ्या आवृत्तीने तर विस्मरणाचे तत्त्वच सोडले. उघडलेल्या फाइली, कुलुपे, क्लायंटला दिलेली तात्पुरती मुखत्यारी हे सगळे आता सर्व्हरने लक्षात ठेवायचे असते. तो बंद पडून उठला की लिनक्समध्ये साधारण ९० सेकंदांची सवलत-मुदत असते. त्या वेळात जुन्या क्लायंटनी आपापली कुलुपे परत मागायची आणि नव्यांनी थांबायचे. जुने कोण हे ठरवण्याची यादी डिस्कवर लिहावी लागते. सुरुवातीला कर्नल स्वतःच ती लिहीत असे. कर्नलने स्वतःहून फाइली लिहिणे अनेकांना खटकले, तेव्हा तेही काम बाहेरच्या प्रोग्रॅमकडे गेले.

स्वतःचेच वाटलेले फोल्डर स्वतःवरच जोडले तर वेगळीच कोंडी होते. स्मृती कमी पडली की कर्नल एनएफएसची न लिहिलेली पाने सर्व्हरकडे रवाना करू पाहतो. तोच सर्व्हर त्याच यंत्रावर स्मृती मोकळी होण्याची वाट पाहत बसलेला असतो. ‘तू आधी की मी आधी’ यात यंत्र गोठते. लिनक्समध्ये यासाठी सर्व्हरच्या थ्रेडना वेगळी सूट द्यावी लागली.

एसएमबी आणि वाढलेली जोखीम

विंडोजच्या एसएमबी प्रोटोकॉलसाठी लिनक्सवर दीर्घकाळ सांबा हाच सर्व्हर होता आणि तो पूर्णपणे कर्नलबाहेर चालतो. कर्नलमधला केएसएमबीडी लिनक्स ५.१५ मध्ये, ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. नामजे जॉन हे त्याचे प्रमुख लेखक. फाइलींची देवाणघेवाण आत, वापरकर्त्यांची नोंदवही बाहेर अशी त्याचीही वाटणी आहे. आवाका सांबापेक्षा मुद्दाम लहान ठेवला आहे, आणि एसएमबीची पहिली आवृत्ती तो स्वीकारतच नाही. त्यामागे पार्श्वभूमी होती. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने विंडोजच्या कर्नलमधल्या एसएमबी सर्व्हरचीच, त्याच पहिल्या आवृत्तीची, खोट वापरली होती.

तरीही धोका टळला नाही. केएसएमबीडीतला एक दोष डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला. मोकळी केलेली स्मृती पुन्हा वापरली जात होती आणि लॉगिन न करताही दुरून कर्नलमध्ये कोड चालवता येत होता. तीव्रतेच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण मिळाले. दुरुस्ती ऑगस्टमध्येच निघाली होती, हाच काय तो दिलासा. बाहेरच्या सर्व्हरमध्ये अशी चूक झाली तर एक प्रोग्रॅम जातो. इथे सगळे यंत्रच हातचे जाते. केएसएमबीडीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का २०२३ मधल्या ६.६ मध्ये काढण्यात आला.

उलट दिशेने

मे २०११ मधल्या लिनक्स २.६.३९ मध्ये दोन नवे सिस्टिम कॉल आले. एकाने फाइलचे हँडल मिळते, दुसऱ्याने हँडलवरून फाइल उघडते. बाहेरच्या सर्व्हरला जे कधी जमत नव्हते, ते आता जमू लागले. गणेशा हा कर्नलबाहेर चालणारा एनएफएस सर्व्हर त्यांचा उपयोग करतो. हँडलने उघडताना मार्गातल्या फोल्डरांची परवानगी तपासली जात नसल्यामुळे दुसऱ्या कॉलसाठी खास अधिकार लागतो. प्रोग्रॅमना कंटेनर नावाच्या वेगळ्या कोंदणात चालवणाऱ्या डॉकरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हा अधिकार कंटेनरकडे राहून गेला होता. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सटी घराण्यातल्या फाइल सिस्टिममध्ये मूळ फोल्डरचा आयनोड क्रमांक नेहमी २ असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रोग्रॅमने त्यावरून हँडल घरीच तयार केले आणि कंटेनरच्या आतून यजमान यंत्राच्या फाइली वाचून दाखवल्या.