मोरचूद निळा असतो, तो तांब्याचा रंग नव्हे

‘प्रत्येक धातूचा एक ठरलेला रंग असतो आणि तोच त्याच्या क्षारात उतरतो, तांबं म्हणजे निळा’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं वाटणं साहजिक आहे, कारण मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेट या तांब्याच्या क्षाराचे, खडे खरोखरच सुंदर निळे दिसतात.

पण खडे परीक्षानळीत सावकाश तापवून पाहा. नळीच्या वरच्या भागात पाण्याचे थेंब जमतात आणि खाली उरते पांढरट पूड. तांबं तेवढंच आहे, गेलंय फक्त पाणी. पूड गार झाल्यावर पाण्याचा एक थेंब टाका, निळाई परत येते. (मोरचूद विषारी आहे, प्रयोग प्रयोगशाळेतच करावा.)

म्हणजे रंग ठरतो तो धातूच्या शेजाऱ्यांमुळेही. एकट्या तांब्याच्या आयनात (विद्युतभार असलेल्या अणूत) पाचही डी-कक्षिकांची, म्हणजे इलेक्ट्रॉन राहू शकतात अशा जागांची, ऊर्जा सारखीच असते. भोवती पाण्याचे रेणू आले की त्यांची ऊर्जा वेगवेगळी होते. या ऊर्जांमधलं अंतर ओलांडायला इलेक्ट्रॉन तांबड्या टोकाकडचा प्रकाश शोषतो आणि उरलेला निळसर प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. पाण्याऐवजी अमोनिया आला की हे अंतर वाढतं, रंग गडद जांभळट निळा होतो. पाणी गेलं की शोषण बरंचसं अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) भागात सरकतं, म्हणून पूड पांढरी.

जस्ताच्या आयनात डी-कक्षिकांत 10 इलेक्ट्रॉन, म्हणजे पाचही भरलेल्या, इलेक्ट्रॉनला उडी मारायला जागाच शिल्लक नाही. म्हणून झिंक सल्फेट रंगहीन.

पोटॅशियम परमँगनेटची गोष्ट मात्र निराळी. त्यातल्या मँगनीजकडे डी-इलेक्ट्रॉन उरलेलाच नसतो. तिथे प्रकाश शोषून ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन मँगनीजकडे जातो, आणि त्यातून तो गर्द जांभळा रंग येतो.