कातळ की माती? उपग्रहाच्या चित्रात जांभा ओळखताना

राजापूर-लांज्याकडच्या जमिनीच्या जाहिरातींत एक वाक्य ठरलेलं असतं: 'लाल माती, आंबा-काजूला उत्तम.' सोबत मोबाइलवरच्या उपग्रह नकाशाचं चित्र, त्यात तांबूस-तपकिरी तुकडा आणि भोवती पिवळी रेघ. मुंबईत बसून व्यवहार ठरवणाऱ्याला तेवढं पुरतं. पण तो तांबूस तुकडा म्हणजे पुरुषभर खोल माती असू शकते, वीतभर मातीखाली सलग कातळ असू शकतो, किंवा नुसताच खणून काढलेला जांभा. 'कोकणात जांभा आढळतो' आणि 'कोकणात जांभी माती आढळते' ही दोन वाक्यं आपण एकमेकांच्या जागी इतक्या सहज वापरतो की पहिला खड्डा मारायला माणसं बोलावली, की मगच फरक कळतो.

दोघांचं कूळ एकच, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी खाली काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट आहे; दक्षिणेला सिंधुदुर्गात, मालवण-वेंगुर्ल्याकडे त्याहून जुने खडकही येतात. वर्षाला २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि मग आठ महिने कोरडे. हे लाखो वर्षं चाललं की खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम पाण्याबरोबर निघून जातं, सिलिकाही बरीचशी जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र सहजी विरघळत नाहीत. ते ऑक्साइडच्या रूपात मागे राहतात. लाली हेमॅटाइट या लोहखनिजाची, पिवळट-तपकिरी छटा गोथाइट या दुसऱ्या लोहखनिजाची.

इथपर्यंत दोघांची गोष्ट सारखी. पुढे जिथे लोहाने कणांना बांधून सलग, सच्छिद्र, नळ्या-नळ्यांचं जाळं असलेला थर केला, तो जांभा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टर-पाहणीकाराने १८०७ साली केरळातल्या अंगाडीपुरमचं वर्णन करताना त्याचा नेमका स्वभाव टिपला: खाणीत असतो तोवर लोखंडी हत्याराने कापता येतो आणि हवेवर आला की कठीण होतो. आपल्याकडचे बांधकामाचे चिरे याच गुणावर निघतात. आणि जिथे असं बांधलं गेलं नाही, किंवा जांभा झिजून, वाहून उताराच्या पायथ्याशी साचला, ती जांभी माती. तिच्यात मुळं शिरतात, कुदळ शिरते, पाण्यात ती सुटी होते. जांभ्यात कुदळ अडते, आणि मूळ शिरलंच तर भेगांतून आणि नळ्यांतून.

शेतकऱ्याला या दोहोंतला फरक म्हणजे खोली. रंग त्याच्या हिशेबात फारसा येत नाही. आणि उपग्रहाला नेमकी खोलीच दिसत नाही.

उपग्रहाचा कॅमेरा जमिनीवरून परत आलेला प्रकाश मोजतो. तो प्रकाश मातीच्या अगदी वरच्या पापुद्र्यावरून येतो. त्याखाली चार बोटांवर काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. लोहाची ऑक्साइडं निळा प्रकाश शोषतात आणि लाल परतवतात, म्हणून लाल आणि निळ्याचं गुणोत्तर काढलं की लोह कुठे आहे ते छान उठून दिसतं. पण हे लोह जांभ्यात आहे आणि मातीतही आहे. शिवाय थोडंसं हेमॅटाइटही पुष्कळ रंगवतं, त्यामुळे जास्त लाल म्हणजे जास्त लोह, असाही सरळ हिशेब नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या लघुलहरी अवरक्त पट्ट्यात २.२ मायक्रोमीटरच्या आसपास केओलिनाइट या चिकणखनिजाची खूण मिळते. तिनेही निकाल लागत नाही, कारण केओलिनाइट दोघांतही असतं.

मौज अशी की उघडा कातळ लाल दिसतच नाही. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या सड्याच्या, म्हणजे कातळाच्या सपाट माळाच्या, पाठीवर शेवाळ आणि दगडफुलाची पुटं चढतात आणि तो करडा-काळपट होतो. देवाचे गोठणे किंवा बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं बघायला गेलेल्यांनी हा रंग पाहिला असेल. (कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.) वरून पाहिल्यावर जे भडक लाल दिसतं ते बहुधा चिरेखाण, नवा रस्ता, नाहीतर नुकती जेसीबी फिरलेली जागा. म्हणजे चित्रातला सगळ्यात लाल तुकडा हा माती असण्यापेक्षा ताजा फोडलेला जांभा असण्याची शक्यता अधिक. चिरेखाण तर तिच्या काटकोनी कडांवरून लगेच ओळखू येते.

आणखी एक गंमत. अभ्यासकांच्या छद्मरंगी चित्रात लाल म्हणजे झाडझाडोरा, कारण तिथे जवळच्या अवरक्त पट्ट्याला लाल रंग दिलेला असतो. लाल माती तिथे पिवळसर-हिरवट दिसते. असं चित्र सोबत जोडून 'बघा किती लाल जमीन' म्हणणारे महाभागही भेटतात.

मग उपग्रह निरुपयोगी का? मुळीच नाही. फक्त त्याला रंग न विचारता वेळ विचारायची.

पावसाळा संपताना, सप्टेंबर अखेरीला, सडा आणि खोल मातीचा माळ दोन्ही हिरवेगार असतात. सड्यावर तर फुलांचे गालिचे असतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या एकाच चित्रावरून सड्याला उत्तम कुरण ठरवणं अगदी सोपं. पण कातळावरच्या दोन बोटं मातीत ओल किती टिकणार? पाऊस थांबला की तिथलं गवत भराभर पिवळं पडतं. खोल मातीवरचं गवत त्यानंतर कितीतरी आठवडे तग धरतं. लाल आणि जवळचा अवरक्त प्रकाश यांच्या तुलनेतून हिरवळीचा निर्देशांक काढतात, एनडीव्हीआय. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत त्याची रांग लावली की हिरवळ कुठे आधी मेली आणि कुठे उशिरा, हे दिसतं. खोलीचा हा अंदाज आडवळणाचा आहे खरा, पण रंगापेक्षा पुष्कळ भरवशाचा. युरोपची सेंटिनेल-२ ही उपग्रहजोडी दर पाच दिवसांनी तीच जागा टिपते आणि चित्रं फुकट मिळतात, त्यामुळे हे कोणालाही घरबसल्या करता येतं. जून ते सप्टेंबर मात्र ढगांमुळे कोरे जातात. ढगांपार बघायला सेंटिनेल-१ चं रडार आहे. पण त्याच्या परतीच्या लहरींत ओल, खडबडीतपणा आणि झाडोरा अशी तिघांची सरमिसळ असते, नवख्याने त्यात पडू नये.

दोन सावधगिऱ्या हव्यातच. मार्च ते मे या काळात राब भाजलेली शेतं आणि वणवा गेलेले सडे दोन्ही काळे दिसतात, तो काळ टाळावा. आणि आंब्या-काजूच्या बागेखाली काय आहे ते उपग्रहाला दिसतच नाही. बाग हिरवी म्हणून माती खोल, हा तर्क कोकणात हमखास फसतो. कित्येक हापूसच्या बागा कातळात सुरुंग लावून मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे केले, त्यांत बाहेरून माती आणून भरली, तशा उभ्या आहेत. झाडांनी पुढे भेगांतून वाट काढली आणि फळही उत्तम येतं. म्हणजे कातळ वाईट नव्हे. तो महाग आहे, आणि विकत घेणाऱ्याला ते आधी कळायला हवं.

पिक्सेलचा, म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्याचा, आकारही ध्यानात असू द्या. सेंटिनेल-२ च्या दृश्य पट्ट्यांचा पिक्सेल १० मीटर गुणिले १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा साधारण १०१ चौरस मीटर. एक पिक्सेल, एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा पिक्सेल जवळपास नऊ गुंठे होतो. कोकणातल्या वाटण्या होऊन होऊन चिंधड्या झालेल्या जमिनीत नऊ गुंठ्यांत कातळ, भातखाचर, बांध आणि एखादं घरही मावतं, आणि त्या सगळ्यांचा मिळून एकच रंग निघतो.

रंगापेक्षा मला उंचीचा नकाशा जास्त बोलका वाटतो. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली गेली, तिची ३० मीटरची आकडेवारी खुली आहे. तिच्यावरून उतार काढला की सडा टेबलासारखा सपाट दिसतो आणि त्याची कड एकदम तुटते. त्या तुटलेल्या कडेखालच्या मंद उतारावर वरून वाहून आलेली माती साचते. कोकणी शेतकऱ्याने वरकस, कुर्याट, मळा अशी वरून खाली जमिनीची वर्गवारी केली तीही बऱ्याच अंशी याच उतरंडीवर. पाण्याचंही तसंच. जांभ्याच्या नळ्यांतून पाणी खाली झिरपतं, तळाच्या पांढुरक्या-गुलाबी चिकणमातीला टेकतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. माथ्यावर एप्रिलमध्ये पाण्याची बोंब आणि खालच्या वाडीत पाट वाहतोय, हे दृश्य त्यामुळेच.

तरीही शेवटी जागेवर जावं लागतं, आणि तिथे साधनं साधीच लागतात. पहार किंवा मातीचा ऑगर (फिरवून घालायचं गिरमिट) घ्या आणि एकाच नव्हे, बऱ्याच ठिकाणी घाला. कातळाची पाठ वरखाली असते, खोलगटीत कमरेएवढी माती आणि दहा पावलांवर शून्य. विकणारा जो खड्डा दाखवतो तो त्या जमिनीतला सर्वांत चांगला खड्डा असतो, हे गृहीत धरायला हरकत नाही. पहार कातळाला लागली की तिचा आवाज बदलतो, तो लपत नाही. सुटे खडे लागले तर त्यांना कातळ समजू नका, हातभर बाजूला सरकून पुन्हा घाला.

मातीच्या शास्त्रज्ञाची पद्धत यापुढे जाते. तो उभा छेद घेतो, एकेक थर वेगळा करतो, रंग मन्सेलच्या रंगपुस्तिकेशी ताडून लिहितो, ओली माती बोटांत मळून वळी होते का पाहतो आणि मुळं कुठवर गेली ते मोजतो. छेद फुकटात बघायचा असेल तर विहिरीचं नवं खोदकाम, चिरेखाणीची भिंत, हमरस्त्याची किंवा कोकण रेल्वेची कटिंग पाहा. वर माती, मग कठीण जांभा, मग मऊ, ठिपक्याठिपक्यांचा थर, मग चिकणमाती आणि तळाशी कुजलेला पाषाण, असा अख्खा क्रम एका नजरेत मिळतो.

संशय आलाच तर एक ढेकूळ रात्रभर पाण्यात ठेवा. मातीचं असेल तर ते फसफसून पसरतं, जांभ्याचा तुकडा सकाळी तसाच असतो.

कागदपत्रं इथे अर्धवट मदत करतात. सातबाऱ्यावरचा पोटखराबा आधी वाचा; 'वर्ग अ' म्हणून दाखवलेलं क्षेत्र लागवडीला अयोग्य असतं, आणि सड्याच्या गावांत ते बहुतेक वेळा कातळच असतं. पण त्या नोंदी जुन्या, आणि क्षेत्र नेमकं कुठे ते उताऱ्यावर कळत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि बाकीची अन्नद्रव्यं. जांभ्या मातीचा सामू आम्ल बाजूला असतो, लोह-ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, या गोष्टी त्या पत्रिकेतून कळतात आणि खतापाण्याला त्यांचा उपयोग आहे. मात्र नमुना वरच्या वीतभर मातीचा असतो. खोलीचा रकानाच त्यात नाही. वीतभर मातीखाली कातळ असला तरी पत्रिका देखणी येऊ शकते.

जमिनीच्या सरकारी वर्गीकरणाबद्दलही तक्रार आहे. देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे उपग्रहाच्या चित्रांवरून बनतात आणि त्यांत उघड्या खडकाळ जमिनीचा वेगळा वर्ग असतो. सडा त्यात सहज बसतो, आणि एकदा 'पडीक' म्हटलं की प्रकल्पांना तो मोकळा दिसू लागतो. उन्हाळ्यात पाहणी केली तर पडीकच दिसणार. तीच जागा ऑगस्टमध्ये गुरांचं कुरण असते, पाण्याची डबकी असते, आणि तिच्या पोटातलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत उतरत असतं.

आता राहिली मधली जात: मऊ जांभा. हा ना पुरता दगड, ना पुरती माती. टिकावाने निघतो, ताजा असताना हातात चुरतो, रंगाने देखणा. जेसीबीने सपाट केलेल्या प्लॉटमध्ये बहुधा हाच वर आलेला असतो, आणि जाहिरातीतली 'लाल माती' बऱ्याचदा हीच. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होत तो उघड्यावर घट्ट होत जातो. यासाठी संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघायची सोय आहे, तिचा उपयोग करा. यंत्र फिरण्याआधीच्या एखाद्या वर्षाचं, डिसेंबर-जानेवारीचं चित्र काढा. तिथे करडी, सपाट, झाडं नसलेली पाठ दिसली तर बाग लावण्याच्या खर्चात सुरुंग आणि आणलेल्या मातीचे ट्रक धरा, आणि त्या हिशेबाने भाव बोला.