तळव्याला कळतं, पण वळत नाही

वीरभद्रासनात उभं राहून अर्धा मिनिट झाला की मागच्या पायाची बाहेरची कड हळूच जमिनीवरून सुटते. शिक्षक म्हणतात, ‘कड दाबा.’ आपण दाबतो. ते पुढच्या सतरंजीकडे वळले की कड पुन्हा सुटते. गंमत म्हणजे ती सुटल्याचा आपल्याला पत्ताच नसतो. पाय जमिनीवर आहे, एवढंच आपल्याला माहीत असतं.

ही कड सुटताक्षणी सांगणारे कपडे आता निघाले आहेत. मोजे, तंग पँट, घोट्यावरचे पट्टे, सगळ्यांत सेन्सर विणलेले. पण ते काय करतात हे समजायचं तर आधी पायाकडे बघायला हवं, कारण पाय स्वतःच सेन्सरांनी भरलेला आहे.

एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. तळव्याच्या कातडीत दाब, ताण आणि थरथर टिपणारी चेतातंतूंची टोकं आहेत. पोटरीच्या स्नायूंत, घोट्याच्या बंधांत आणखी निराळी. अंग कुठे आणि कसं आहे हे न बघता कळण्याच्या या जाणिवेला शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने 1906 साली ‘प्रोप्रियोसेप्शन’ हे नाव दिलं. तिचा प्रत्यय हवा असेल तर पावलं जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा. घोटे लगेच आतबाहेर खेळू लागतील. हा तोल सांभाळण्याचं बहुतेक काम मज्जारज्जू आणि लहान मेंदू परस्पर उरकतात, आपल्या जाणिवेपर्यंत ते येतच नाही. चालताना ही सोय उत्तम. आसन सुधारताना मात्र तीच आड येते. वर्षानुवर्षं चुकीचं उभं राहिलेल्या माणसाच्या मेंदूला ती चूकच सरळ वाटत असते.

आता कापड. योगवर्गात टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ असे भार पेलणारे तीन बिंदू सांगतात. सेन्सर असलेले मोजे बहुधा इथेच दाब मोजतात. वीज वाहणाऱ्या दोन कापडांच्या मध्ये कार्बन मिसळलेला थर असतो. दाब पडला की कार्बनचे कण एकमेकांच्या जवळ येतात आणि विजेला होणारा रोध घटतो. रोध किती घटला यावरून दाबाचा अंदाज येतो आणि तीन ठिकाणचे आकडे मिळाले की भाराचा मध्य कुठे पडतोय ते गणिताने काढता येतं. 1987 सालच्या एका अभ्यासात अनवाणी उभ्या असलेल्या माणसांच्या पावलांवरचा भार मोजला होता. सुमारे 60 टक्के टाचेवर निघाला आणि बोटांवर जेमतेम 4! ‘बोटं पसरा, जमीन पकडा’ हे शिक्षक शंभरदा का सांगतात, ते इथे कळतं.

वीज वाहणारं कापड ही नवलाई वाटते, पण आपल्याकडे ते कपाटात घडी घालून ठेवलेलं असतं. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार. 1997 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये कापडावर विद्युतमंडलं शिवण्याचे प्रयोग झाले. त्यात वापरलेलं कापड होतं रेशमी ऑर्गन्झा, धाग्याला तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेलं. असं कापड भारतात निदान शंभर वर्षं तरी विणलं जात होतं, सजावटीसाठी. पैठणीच्या पदराला मल्टिमीटर लावून बघायचा मोह मला होतो, पण घरात राहायचं आहे.

योगासाठी म्हणून सर्वांत गाजलेला कपडा म्हणजे वेअरेबल एक्स या कंपनीने 2017 साली बाजारात आणलेली ‘नाडी एक्स’ पँट. तिच्या कंबर, गुडघे आणि घोट्यांपाशी त्वरणमापक बसवलेले होते. त्यात सिलिकॉनचा सूक्ष्म भार स्प्रिंगवर टांगलेला असतो आणि तो कुठे कलतो यावरून गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत अंग किती झुकलं ते कळतं. मोबाइल आडवा केला की पडदा फिरतो, तीच ही करामत. चूक दिसली की त्या जागी पँट थरथरते. कल्पना सुंदर आहे, पण पावलापुरतं बोलायचं तर अपुरी. नडगी सरळ असूनही पावलाची कमान कोसळलेली असू शकते आणि घोट्याच्या वर बसलेल्या सेन्सरला ते दिसणं कठीण. तळव्याचं काम दाबानेच मोजायला हवं.

मोज्याचीही अडचण आहेच. योग अनवाणी करतात तो उगाच नाही. मोजा घसरतो आणि कातडीची जाणीव थोडी बोथट करतो, म्हणजे जी सुधारायची तीच. शिवाय घाम खारट, त्यातून वीज वाहते आणि मापन बिघडतं. मिनिटभर दाबलेलं कापड लगेच पूर्वपदावरही येत नाही. म्हणून काही जण सेन्सर सतरंजीतच घालतात. मला तो मार्ग जास्त सरळ वाटतो, मग त्याला कपडा म्हणता आलं नाही तरी चालेल.

इशाऱ्यासाठी थरथरच का? कातडीच्या खोल थरातली पॅसिनियन नावाची टोकं सेकंदाला 200 ते 300 कंपनांना सर्वाधिक दाद देतात आणि चिमुकल्या मोटरी साधारण त्याच्या आसपास थरथरतात. डोळे मिटलेले असले तरी चालतं. पण घोट्याच्या आतल्या बाजूला थरथर झाली तर तिकडे झुकायचं की तिकडून दूर व्हायचं? ते आधी शिकावं लागतं.

इशारा मिळाला म्हणजे माणूस ऐकतो असंही नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड 1966 साली अमेरिकेतल्या कारव्हिलच्या रुग्णालयात गेले. वेदनाच न कळणाऱ्या रुग्णांसाठी तिथे त्यांनी दाब मोजणारे हातमोजे आणि पायमोजे करून पाहिले. दाब वाढला की कानात आवाज व्हायचा. रुग्ण दुर्लक्ष करत. मग काखेत विजेचा झटका द्यायची सोय केली, तर रुग्ण यंत्र बंद करत, हातातलं काम उरकत आणि पुन्हा चालू करत.

निरोगी पायाचा धोका उलटा आहे. हालचाली शिकण्यावर 1980च्या दशकापासून झालेल्या प्रयोगांत दिसलं, की प्रत्येक प्रयत्नानंतर सूचना मिळाली तर सराव चालू असताना प्रगती झपाट्याने होते, पण सूचना थांबल्या की ती ओसरते. अधूनमधून सूचना मिळालेले लोक पुढे सरस ठरतात. तेव्हा चांगल्या मोज्याने पहिल्या आठवड्यात भरपूर बोलावं आणि दोन महिन्यांत जवळपास मुकं व्हावं. असा मोजा विकणाऱ्याला परवडेल का, हा प्रश्न वेगळा.

पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी ताडासनाबद्दल लिहिताना बुटांच्या टाचा कुठे झिजतात ते बघायला सांगितलं आहे. माझी उजवी चप्पल उलटी करून पाहिली. टाचेची बाहेरची कड पार गुळगुळीत आणि अंगठ्याखालची नक्षी अजून नव्यासारखी.