युरिया सेंद्रिय की रासायनिक?

कृषी सेवा केंद्रात युरियाचं ४५ किलोचं पोतं रासायनिक खत म्हणून मिळतं. रसायनशास्त्राच्या पुस्तकात मात्र तोच युरिया सेंद्रिय संयुगांमध्ये असतो. दोन्ही बरोबर आहे. घोळ आहे 'ऑरगॅनिक' या इंग्रजी विशेषणाचा.

ग्रीक 'ऑर्गनॉन' म्हणजे हत्यार, साधन. देहाची साधनं म्हणजे अवयव, इंद्रियं. त्यावरून ऑरगॅनिक म्हणजे अवयव असलेलं, सजीव. आपला 'सेंद्रिय' तसाच घडलाय: स + इंद्रिय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या बर्झेलियसने सजीवांतल्या पदार्थांच्या रसायनशास्त्राला हे विशेषण लावलं. असे पदार्थ घडायला प्राणशक्ती लागते, असा तेव्हाचा समज होता.

१८२८ साली त्याचाच शिष्य फ्रेडरिक व्होलर बर्लिनमध्ये सिल्व्हर सायनेट आणि नवसागर (अमोनियम क्लोराइड) यांच्यापासून अमोनियम सायनेट करायला गेला. पाणी आटवल्यावर पांढरे स्फटिक उरले, पण अमोनियमच्या क्षारातून अल्कली घातल्यावर सुटतो तसा अमोनिया त्यांतून सुटेना. लघवीतून काढलेल्या युरियाशी ताडून पाहिलं, तर तोच!

यातली खरी गंमत रेणूच्या आत आहे. अमोनियम आयन आपला एक प्रोटॉन सायनेटला देतो. उरतात अमोनिया आणि आयसोसायनिक आम्ल. अमोनियाच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. आम्लातल्या कार्बनचे इलेक्ट्रॉन एकीकडून ऑक्सिजनने, दुसरीकडून नायट्रोजनने ओढून घेतलेले असतात. ती जोडी त्या कार्बनशी बंध जुळवते, मग एक हायड्रोजन एका नायट्रोजनवरून दुसऱ्यावर सरकतो, आणि युरिया तयार. आधीही १ कार्बन, १ ऑक्सिजन, २ नायट्रोजन, ४ हायड्रोजन, नंतरही तेवढेच. फक्त जागा बदलल्या. मूत्रपिंड लागलंच नाही! मला हा प्रयोग कितीही वेळा वाचला तरी नवा वाटतो.

प्राणशक्तीची कल्पना एका दिवसात गेली नाही, पण विशेषण हळूहळू कार्बनच्या संयुगांकडे सरकलं. म्हणून रॉकेल, नायलॉन, डीडीटी, सगळीच सेंद्रिय.

शेतीतलं ऑरगॅनिक वेगळ्या वाटेने आलं. १९४० मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड नॉर्थबोर्नने अख्खं शेत हाच एक सजीव देह मानला. माती, पिकं, जनावरं हे त्याचे अवयव. म्हणजे हे विशेषण पीक घेण्याच्या पद्धतीचं आहे. त्याच्या शेजारी 'केमिकल-फ्री' छापणं ही ग्राहकाची शुद्ध फसवणूक आहे, कारण पाणीसुद्धा केमिकलच.

शेणखताने जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो, माती भुसभुशीत होते, हा त्याचा मोठा गुण. पण नत्र (नायट्रोजन) शेणखतातलं असो की पोत्यातलं, मुळं ते मुख्यतः अमोनियम आणि नायट्रेटच्या रूपात घेतात, आणि हे दोन्ही आयन निरिंद्रिय आहेत.