सॅम्पल-कोलाज संगीत

आधी ध्वनिमुद्रित झालेल्या आवाजांचे तुकडे उचलून, कापून, त्यांची गती व पट्टी बदलून आणि ते एकमेकांवर रचून ज्यात नवी रचना घडवली जाते, त्या संगीतप्रकारास सॅम्पल-कोलाज संगीत म्हणतात. उचललेल्या तुकड्याला सॅम्पल ही संज्ञा आहे. एखाददुसरे सॅम्पल आज असंख्य गाण्यांत असते, पण तिथे ते नव्या गायनाला आधार म्हणून येते. सॅम्पल-कोलाजमध्ये उसना आवाज हाच मुख्य ऐवज असतो, आणि तो कुठला हे श्रोत्याला ओळखू येते की नाही यावर रचनेचा परिणाम बराचसा अवलंबून राहतो. या प्रकारातील अल्बमांवरून गेली चार दशके चाललेले कलाविषयक, कायदेशीर आणि नैतिक वाद बहुतांशी या ओळखीच्या प्रश्नाशीच येऊन ठेपतात.

या प्रश्नाची दोन विरुद्ध उत्तरे अगदी आरंभापासून दिसतात. फ्रेंच अभियंता व संगीतकार प्येर शेफेर याने १९४८ मध्ये आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून, त्यांची जुळवाजुळव करून रचना केली आणि ती त्याच वर्षी फ्रेंच रेडिओवरून प्रसारित झाली. आवाज कशाचा आहे हे श्रोत्याने विसरावे आणि निव्वळ ध्वनी म्हणून त्याकडे लक्ष द्यावे, अशी त्याची भूमिका पुढे विकसित होत गेली. याउलट १९५६ मध्ये बिल ब्युकॅनन आणि डिकी गुडमन या अमेरिकी जोडीने उडत्या तबकडीच्या आगमनाची खोटी बातमी रचली, आणि वार्ताहराच्या प्रश्नांना त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांतील ओळींनी उत्तरे दिली. मूळ गाणी ठाऊक नसतील तर त्यातला विनोद कळतच नाही. १९६१ मध्ये जेम्स टेनी याने एल्विस प्रेस्लीच्या एकाच गाण्याची ध्वनिफीत कापून जोडून जी रचना केली, ती या दोहोंच्या मधली आहे. आधी नुसता कल्लोळ ऐकू येतो आणि मग त्यातून ओळखीचा गळा वर येतो.

सत्तरच्या दशकात न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात हिपहॉपचा उदय झाला, तेव्हा तबकडीचा शोध हे या कलेचे स्वतंत्र अंग बनले. गाण्यातील फक्त तालवाद्यांचा छोटा भाग, ज्याला ब्रेक म्हणतात, दोन सारख्या तबकड्यांवर आलटून पालटून वाजवून लांबवण्याची पद्धत डीजे कूल हर्क याने रूढ केली. तबकडी कोणती हे प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून तो तिच्यावरचे लेबल पाण्यात भिजवून काढून टाकत असे. जुन्या मालाच्या दुकानांत आणि तळघरांत तबकड्यांचे ढीग उपसत बसणे, सापडलेला तुकडा गुप्त ठेवणे आणि दुसऱ्याने वापरलेला तुकडा पुन्हा न वापरणे, हे नंतर या मंडळींचे अलिखित शिष्टाचार ठरले. श्रोत्यांची आवड मात्र नेमकी उलट आहे. त्यांना मूळ तबकडी हुडकायची असते, आणि २००८ साली सुरू झालेल्या हूसॅम्पल्ड या ऑनलाइन सूचीने अशा हुडकण्याला सार्वजनिक दप्तराचे रूप दिले. तुकड्यांचा उगम जाहीर करणाऱ्यांवर काही कलावंतांचा जो राग असतो, त्यात व्यवसायाची गुपिते जपण्याइतकीच खटल्यांची धास्तीही आहे.

१९८९ हे वर्ष या संगीताच्या इतिहासात कळीचे आहे. बीस्टी बॉइज आणि डे ला सोल या अमेरिकी हिपहॉप वृंदांचे अनुक्रमे ‘पॉल्स बुटीक’ आणि ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हे सॅम्पलांनी भरलेले दोन अल्बम त्या वर्षी बाजारात आले. पहिला सुरुवातीला फारसा खपला नाही, दुसरा लगेच गाजला. त्याच वर्षी कॅनडाचा संगीतकार जॉन ऑस्वल्ड याने ‘प्लंडरफॉनिक’ ही सीडी काढली. ध्वनिचौर्य हा रचनाकाराचा अधिकार आहे असे प्रतिपादन करणारा निबंध त्याने १९८५ मध्येच टोरांटो येथे वाचला होता. ऑस्वल्डने काहीही लपवले नाही. प्रत्येक मूळ कलावंताचे नाव त्याने दिले, सीडीच्या १,००० प्रती काढल्या, आणि त्या विकल्या नाहीत तर फुकट वाटल्या. डॉली पार्टनच्या गायनाची गती हळूहळू कमी करत नेऊन तिचा आवाज खर्जातल्या पुरुषी आवाजापर्यंत उतरवणारी त्यातील रचना आजही ऐकणाऱ्याला चकित करते. यात ऑस्वल्डने नवा सूर एकही घातलेला नाही, आणि तरीही ऐकू येते ते मूळ गाणे नसते. मुखपृष्ठावर मायकल जॅक्सनचा चेहरा एका विवस्त्र स्त्रीदेहावर चिकटवला होता. कॅनडातील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने हरकत घेतल्यावर उरलेल्या सुमारे ३०० प्रती नष्ट कराव्या लागल्या. पैसा न कमावणाऱ्याला, श्रेय देणाऱ्याला अशी शिक्षा व्हावी हे अनेकांना विपरीत वाटले. परंतु ओळख लपवण्यास नकार देणे हाच त्याच्या कामाचा गाभा होता, त्यामुळे संघर्ष अटळच होता.

डे ला सोलवर साठच्या दशकातील द टर्टल्स या वृंदाच्या सदस्यांनी सॅम्पलच्या वापरावरून दावा केला, तो न्यायालयाबाहेर मिटला. १९९१ मध्ये गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा वापरणाऱ्या बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालाचा आरंभच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधील आज्ञेने केला. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याची आगाऊ परवानगी घेणे ही उद्योगाची रीत झाली, आणि शेकडो तुकड्यांचा अल्बम कायदेशीरपणे काढणे खर्चाच्या दृष्टीने जवळपास अशक्य बनले. डे ला सोलचे आरंभीचे अल्बम अधिकृत डिजिटल प्रसारणावर यायला मार्च २०२३ उजाडला.

पुढील निकालांनी एकवाक्यता आणली नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या सहाव्या परिमंडळातील अपील न्यायालयाने फंकाडेलिक या वृंदाच्या दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यावरून असे ठरवले की परवाना घ्यावा किंवा सॅम्पल करू नये, मग तुकडा कितीही लहान असो. २०१६ मध्ये नवव्या परिमंडळाने मडोनाच्या एका गाण्यातील ०.२३ सेकंदाच्या वाद्यध्वनीबाबत याच्या उलट निर्णय दिला. सामान्य श्रोत्याच्या ध्यानात येणार नाही असा वापर नगण्य मानावा, असे त्याचे म्हणणे होते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये क्राफ्टवर्क या जर्मन वृंदाच्या तालाबाबत निकाल देताना कानाला ओळखू न येईल इतका बदललेला तुकडा हे पुनरुत्पादन नव्हे असे मान्य केले. अर्थात कायद्याने शेफेरला झुकते माप दिले, ऑस्वल्डला नाही.

निर्बंधांच्या या काळातच या प्रकारातील दोन सर्वाधिक चर्चिले गेलेले अल्बम तयार झाले. कॅलिफोर्नियाच्या डीजे शॅडो याचा १९९६ चा ‘एन्डट्रोड्यूसिंग’ जवळजवळ संपूर्णपणे विस्मृतीत गेलेल्या तबकड्यांवर उभा आहे. संपूर्णपणे सॅम्पलांनी घडलेला पहिला अल्बम अशी त्याची नोंद गिनेसने केली, पण ऑस्वल्डचे काम पाहता हा दावा फारसा टिकत नाही. मेलबर्नच्या द अ‍ॅव्हलँचेस या वृंदाचा २००० सालचा ‘सिन्स आय लेफ्ट यू’ साडेतीन हजार तुकड्यांचा असल्याचे सांगितले जाते. वृंदाने मोजदाद ठेवली नव्हती, म्हणून हा आकडा अंदाजच समजावा. मडोनाच्या ‘हॉलिडे’मधील बेसची परवानगी त्यांना मिळाली, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. चाहत्यांच्या चर्चेत तुकड्यांची संख्या हा मोठेपणाचा निकष होऊन बसतो, तो मात्र दिशाभूल करणारा आहे. जे डिला या अमेरिकी हिपहॉप निर्मात्याच्या २००६ च्या ‘डोनट्स’मधील अनेक रचना मुख्यतः एकेका तबकडीवर बेतलेल्या आहेत, तरी कोणत्या क्षणी कापायचे याची त्याची जाण हजार तुकड्यांच्या गर्दीहून अधिक काही सांगून जाते.

नैतिक वाद कायद्यापेक्षा अवघड आहे. द विन्स्टन्स या वृंदाच्या १९६९ च्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमन याने वाजवलेला सुमारे सात सेकंदांचा ड्रमचा ब्रेक हजारो रचनांत वापरला गेला आणि त्यावर जंगलसारखे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे प्रकार उभे राहिले. कोलमनला त्याचे मानधन कधीच मिळाले नाही. तो दारिद्र्यात वारला. वापर मुक्त असावा असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे ठरते. परवान्याची सक्ती करणाऱ्यांनाही ते सोयीचे नाही, कारण परवान्याचे पैसे सहसा वादकाकडे न जाता हक्क बाळगणाऱ्या कंपनीकडे जातात.

भारतीय चित्रपटसंगीत तबकड्यांच्या या शोधाच्या कक्षेत नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ठळकपणे आले. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या गाण्यात लता मंगेशकरांनी गायलेल्या आणि बप्पी लाहिरींनी संगीत दिलेल्या ‘ज्योती’ या चित्रपटातील गाण्याचा मोठा भाग विनापरवाना घेतला होता. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि लाहिरींच्या श्रेयाचा मुद्दा त्यात महत्त्वाचा ठरला. ब्रिटनी स्पीअर्सच्या ‘टॉक्सिक’मधील तीव्र स्वरातील व्हायोलिने ‘एक दुजे के लिए’मधील लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यातून आली आहेत. मॅडलिब या अमेरिकी हिपहॉप निर्मात्याने तर २००७ मध्ये हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर आधारलेला अख्खा अल्बम काढला. पाश्चात्त्य श्रोत्याला या तुकड्यांत केवळ अनोळखी रंग जाणवतो. मुंबई-पुण्यातील श्रोत्याला मात्र गाणे, चित्रपट आणि गायिका क्षणात आठवतात, म्हणजे एकच रचना एका कानाला शेफेरची आणि दुसऱ्या कानाला गुडमनची होते. भारतात ध्वनिमुद्रणावरील कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, परंतु गीत व संगीतरचना यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत वेगळा चालू राहतो. त्यामुळे जुन्या तबकडीवरचे मुद्रण हक्कमुक्त झाले तरी तीतून सूर उचलणाऱ्याला गीतकार-संगीतकारांच्या वारसांची परवानगी लागू शकते.