कपालभाती की भस्त्रिका? घोळ श्वास घेण्यात आहे

परीक्षा जवळ आली की अभ्यासिकांच्या गच्च्यांवर सकाळी फुसफुस सुरू होते. मुलं सांगतात कपालभाती, करत असतात भस्त्रिका, आणि दुपारी आखडलेली मान चोळत बसतात.

निम्मा घोळ नावातच आहे. मराठी कानाला 'भाती'त लोहाराचा भाता ऐकू येतो. ही भाती म्हणजे तेज, झळाळी. भाता आहे तो भस्त्रिकेत. संस्कृतात भस्त्रा म्हणजे भाता. त्यात हठयोगप्रदीपिका कपालभातीलाही लोहाराच्या भात्याचीच उपमा देते, त्यामुळे नुसती पोथी वाचून आज शिकवला जाणारा फरक कळत नाही. तिथे कपालभाती षट्कर्मांत, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत आहे, भस्त्रिका आठ कुंभकांत, म्हणजे श्वास रोखण्याच्या प्राणायामांत. हे पाठ नसलं तरी चालेल.

पण श्वास आत कसा येतो, हे कळायलाच हवं. कपालभातीत जोर फक्त सोडण्याला. पोट झटक्यात आत, हवा नाकातून बाहेर. मग पोट सैल सोडलं की हवा आपसूक आत येते. ती ओढायची नाही. भस्त्रिकेत सोडणंही जोरात आणि घेणंही जोरात. जोरात श्वास ओढताना बरगड्या वर उचलायला मानेचे स्नायू धावून येतात. दिवसभर पुस्तकावर वाकून जे आधीच ताठलेत, तेच. म्हणून मान धरलेल्या मुलांना मी भस्त्रिका करू देत नाही. कपालभाती करायची तर आरशासमोर: खांदे कानांकडे सरकताना दिसले, की तुमची भस्त्रिका झाली. सेकंदाला एक, असे वीस ठोके नवख्याला पुरेत. पाचशेची शर्यत लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. घाईत रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, आणि त्यालाच 'ऊर्जा जाणवली' म्हणतात!

उच्च रक्तदाब, हर्निया असेल तर दोन्ही टाळा.

पेपरच्या आधी छाती धडधडत असेल, तेव्हाही दोन्ही नकोत. दोन्ही तरतरी आणणाऱ्या क्रिया आहेत, आणि तुम्ही आधीच तापलेले आहात. तेव्हा भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, आणि गुंजारव करताना सोडणं आपोआप लांबतं. ओठ मिटलेले, दातांत फट, जबडा सैल, खांदे खाली. पाच-सहा वेळा, शेजारच्याला ऐकू येणार नाही इतक्या हळू आवाजात.